ओयाजीची दुभाषी

एडिसन, न्यू जर्सी
९ फेब्रुवारी २०२५

चि. शुभा,

आशीर्वाद. हे पत्र बघून तू आधी घाबरली असशील की काका फोन सोडून कागदावर कशाला उतरले. काळजी नको, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू हल्ली 'हो काका, नक्की काका, ठेवू का काका' यापुढे जात नाहीस. पत्रात माणसाला निदान पानभर तरी लिहावं लागतं, म्हणून ही युक्ती.

नीनाने आम्हाला खालचं बेसमेंट दिलंय. लेकीचं घर म्हणून तुझी काकू पहिले चार दिवस पाहुण्यासारखी वागली. आता स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलून झाल्या आहेत आणि जावई हळद शोधत फिरतो. मी रोज ओक ट्री रोडपर्यंत चालून येतो. तिथे बाकावर बसणारे समवयस्क विचारतात, "रिटायर्ड?" मी म्हणतो, "नाही, थोडा थांबलोय."

खरंच थांबलोयच. डिसेंबरात टेक्सासचा जपानी प्लांट सोडला तरी सकाळी जाग त्याच वेळी येते आणि कान प्रेस मशीनचा आवाज शोधतात. तुझ्या गाडीतून रोज जायचो-यायचो, त्याची फार आठवण येते. निरोपाच्या दिवशी सगळे उभे राहून 'ओयाजी, ओयाजी' म्हणत होते ते अजून ऐकू येतं. ओयाजी म्हणजे बाप, पोरं घरात बापाला म्हणतात तसा, आणि कारखान्यातल्या जुन्या खोडालाही मायेने तेच म्हणतात, हे तूच मला पहिल्या वर्षी सांगितलंस. साठीला त्यांनी दिलेली लाल बंडीसुद्धा इथे आणली आहे. साठीला माणूस पुन्हा बाळ होतो म्हणून जपानी लोक लाल बंडी घालतात म्हणे. आपल्याकडे साठीला बुद्धी नाठी म्हणतात. त्यांचं जास्त बरं.

आता काम. सोबत एक कागद जोडलाय, आपल्या साहेबांसाठी, कुरोदा-सानसाठी. चार ओळींत आभार मानलेत आणि लिहिलंय की नव्या प्रेसने त्रास दिला तर महिनाभर येऊन बसेन, मला काही द्यायला नको. तू जपानीत करून त्यांच्या हातात दे. 'आरिगातो'च्या पुढे माझी धाव नाही हे तुला ठाऊकच आहे. काय म्हणतात ते कळव. वाट बघतो.

यतीनला नोकरी लागली का? आर्यला पापा.

तुझा,
एकनाथकाका


फ्रिस्को, टेक्सास
२ मार्च

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. उशीर झाला, रागावू नका. वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप हे तुम्हीच गाडीत शिकवलंत, म्हणून मायना तरी बरोबर असेल.

तुमचा कागद त्याच आठवड्यात भाषांतर करून कुरोदा-सानना दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, मग घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, ओयाजींशिवाय फ्लोअरवर करमत नाही. त्यांच्या हाताखालचे मिझुनो-सानही होते, त्यांनीही मान डोलावली. नव्या प्रेसबद्दल मात्र सध्या हेड ऑफिसकडून काही ठरलेलं नाही, ठरलं की कळवतील. तुम्ही त्याची वाट बघत बसू नका, काका. इतकी वर्षं केलंत, आता नातीबरोबर, आन्याबरोबर वेळ घालवा.

यतीनला अजून काही नाही. इंटरव्ह्यू होतात, पुढे कुणी बोलत नाही. सध्या आमचं तिघांचंही इथलं राहणं माझ्या व्हिसावर आहे. रोज सकाळी बॅज लावला आणि दार उघडलं की जीव भांड्यात पडतो. आर्य मध्येच विचारतो, "आर वी मूव्हिंग टू पुणे?" मी म्हणते, गप्प बस आणि दूध पी.

आता गाडीत एकटीच असते. तुमच्या सीटवर लंचबॅग ठेवते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शुभा


एडिसन
२३ मार्च

चि. शुभा,

आशीर्वाद. पत्र पोचलं, दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा काकूला मोठ्याने.

कुरोदा-सान उभ्याने वाचून गेले म्हणतेस. त्यांना कंबरेमुळे उभं राहवत नाही, पाच मिनिटं झाली की खुर्ची शोधतात. म्हणजे कागद फारच आवडला असणार.

इथे आन्याने गंमत चालवली आहे. पंधरा वर्षांची आहे, दिवसभर जपानी कार्टून बघते आणि मला 'जिजी' म्हणते, म्हणजे आजोबा. मी म्हटलं, घरात लाडाने चालेल, पण रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला असं म्हणालीस तर थेरडा म्हटल्यासारखं होईल. तर म्हणते, "जिजी, यू आर सो एक्स्ट्रा." आता हे 'एक्स्ट्रा' कुठल्या भाषेतलं ते तूच सांग.

इथल्या एका पटेलांचं मशीन शॉप आहे. त्यांना पोरांवर नजर ठेवायला माणूस हवाय, मला विचारलंय. अजून हो म्हटलं नाही.

शुभा, एक विचारायचं होतं. समोर असतीस तर विचारलं नसतं, म्हणून लिहितो. ती शेवटची मीटिंग आठवते ना? कुरोदा, मिझुनो, तू आणि मी. त्यांचं आणि तुझं बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग तू माझ्याकडे वळून सांगितलंस की काकांनी फार केलं, आता त्यांना विश्रांती द्यावी असं म्हणतायत. एवढं मोठं बोलणं आणि मराठीत एका ओळीत आटोपलं. जपानी भाषा इतकी पाल्हाळिक आहे का गं? माझ्या कामाबद्दल कुणी काही वावगं बोललं असेल तर सांग. राग येणार नाही. फक्त कळलं तर बरं. चूक कुठे झाली हे न कळता घरी बसणं फार जड जातं.

तुझा,
काका


फ्रिस्को
२ एप्रिल

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. घाईत लिहिते आहे, क्वार्टर एंड आहे.

तुमच्या कामाबद्दल कुणी एक अक्षर वावगं बोललं नाही. खर्च कमी करा असं वरून आलं होतं, त्याचीच चर्चा चालली होती. ती आकडेवारी तुम्हाला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून थोडक्यात सांगितलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पटेलांना हो म्हणून टाका ना. लवकरच फोन करते.

शुभा


फ्रिस्को
२१ जून

काका,

तुमचं पत्र नाही. फोन केला तर तुम्ही झोपलेले असता किंवा चालायला गेलेले असता. काल काकू बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही पटेलांना नाही सांगितलंत. बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे आणि रोज पोस्टाची पेटी स्वतः उघडता. काकूंना वाटतं, टेक्सासहून बोलावणं येईल म्हणून तुम्ही थांबला आहात. म्हणून आज हे लिहायला बसले.

बोलावणं येणार नाही, काका. तुमचा कागद मी कुरोदा-सानना दिलेलाच नाही. तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. ते उभ्याने वाचून गेले, खिशात ठेवला, करमत नाही म्हणाले, हे सगळं मी घरी डायनिंग टेबलावर बसून रचलं.

आन्यामुळे तुम्हाला जिजीचा अर्थ कळलाच आहे, तर आता काय लपवायचं. कुरोदा आणि मिझुनो तुमच्यासमोर बसून तुम्हाला तेच म्हणायचे, आणि लाडाने नाही. जेवताना, मीटिंगमध्ये, तुम्ही समोर डबा उघडून मिझुनोला थालीपीठ देत असताना. ओयाजीसुद्धा ते चेष्टेनेच म्हणायचे. तुम्ही माझ्याकडे बघून 'काय म्हणतायत?' असं विचारायचात आणि मी काहीतरी गोड सांगायची. आधी वाटलं, आपल्या काकांना असलं कसं सांगायचं? आपल्याकडे कुणी मोठ्या माणसाला असं बोलतं का? मग सवयच झाली. लाल बंडी मी ऑनलाइन मागवली होती आणि त्यांना फक्त तुमच्या हातात द्यायला लावली. निरोपाच्या टाळ्याही मीच आधी सुरू केल्या.

एवढंच असतं तर मी तुमच्या पाया पडून मोकळी झाले असते. त्या मीटिंगमध्ये खर्चाचंच बोलणं होतं हे खरं. पण दोघांपैकी एक जागा बंद करायची होती, तुमची किंवा माझी. कुरोदा-साननी मला विचारलं, तू रोज याच्याबरोबर येतेस, हा अजून किती वर्षं काढेल? यतीनची नोकरी गेलेली होती. माझीही गेली असती तर आम्हाला सामान बांधावं लागलं असतं. मी गप्प राहू शकले असते. नाही राहिले. तुम्ही गाडीत मला सांगितलं होतंत ना, की उजवा हात थरथरतो, मापाचं गेज धरवत नाही, काकूंना बोलू नकोस. ते मी त्यांना सांगितलं. तुम्ही समोर बसला होता आणि मी बोलत असताना माझ्याकडे बघून हसत होता, पोरगी आपली बाजू मांडतेय असं वाटून.

आणि विश्रांतीचं सांगायच्या आधी तुम्ही विचारलंत, काय म्हणतायत? मी म्हटलं, काका, ते तुमच्या हातातल्या कसबाबद्दल बोलतायत.

हे वाक्य मला रोज प्लांटच्या रस्त्याला आठवतं. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही. पण बॅग रिकामी करा. पटेलांना फोन करा. माझ्यामुळे अजून एक दिवस वाट बघू नका.

शुभा


एडिसन
१३ जुलै

चि. शुभा,

आशीर्वाद. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. पहिल्याला राग होता म्हणून आणि दुसऱ्याला काय लिहावं ते कळेना म्हणून.

आन्याने मला काही शिकवलेलं नाही. मीच तिला शिकवतो. पिंपरीच्या कंपनीने मला शहाऐंशी साली जपानात हामामात्सुला ट्रेनिंगला पाठवलं होतं. दीड वर्ष तिथल्या हॉस्टेलमध्ये राहिलो, तिथल्या पोरांबरोबर भांडलो, जेवलो, शिव्या शिकलो. आमच्या शॉपचा म्हातारा फोरमन होता, त्याला सगळे ओयाजी म्हणायचे. टाळक्यात टपली मारायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या खिशातून नूडल्स खायला घालायचा. तो मेला तेव्हा पोरं बाप गेल्यासारखी रडली. टेक्सासला मला पहिल्यांदा कुणी ओयाजी म्हटलं तेव्हा त्यातली चेष्टा मला कळली होती. तरी बरं वाटलं. शब्द तर तोच होता ना.

तेव्हा मला सगळं कळत होतं, पहिल्या दिवसापासून. जिजी आणि त्याच्या पुढचंही, जे तू मला अजून लिहिलेलं नाहीस.

मग येत नाही असं का सांगितलं? तुला आठवत असेल, मंडळाच्या गणपतीत काकूने तुला घरी आणली होती. एवढं जपानी शिकून आलेली मुलगी, यतीनच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही, अपार्टमेंटमध्ये दिवसभर पडदे ओढून बसायचीस. त्याच महिन्यात प्लांटच्या ऑफिसवाल्यांनी मला विचारलं, एकनाथ, तुला भाषा येते, मग दुभाषी कशाला? मी म्हटलं, सगळं विसरलो, दुभाषीशिवाय माझं पान हलणार नाही. आणि तुझं नाव दिलं. एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं, म्हणून सहा वर्षं सांभाळलं.

आणि खरं सांगू? मला तुझ्या भाषांतराची चटक लागली होती. ते म्हणायचे, या थेरड्याला वास मारणारा डबा बाहेर खायला सांग. तू म्हणायचीस, काका, ते विचारतायत थालीपीठ कसं करतात. मी मनात म्हणायचो, वा गं पोरी, काय लोणी लावलंस! बंडी तू घेतलीस हेही माहीत होतं. खोक्यावर तुझाच पत्ता होता. म्हणूनच ती इथे आणली.

पण तू एकटीच सहा वर्षं ते ऐकत होतीस असं तुला वाटत राहिलं, ते माझ्यामुळे. मी ऐकतोय हे सांगितलं असतं तर तुला एवढं ओझं वाहावं लागलं नसतं. हा माझा दोष. तो कागदही निमित्त होतं. तुला सरळ विचारायचा धीर झाला नाही, म्हणून म्हटलं, बघू या, कागद हातात पडला की तू बोलतेस का. आडून प्रश्न विचारत बसलो.

त्या दिवशी तू नोकरी वाचवलीस, त्याचं मला काही नाही. तुझ्या पदरी पोर आहे. मला विचारलं असतंस तर मीच उठून गेलो असतो. पण हाताचं मी तुझ्या काकूला, सुलभालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तू उघडलीस, माझ्यासमोर, मला कळत नाही अशा समजुतीने. आणि वर म्हणालीस, कसबाबद्दल बोलतायत. मी 'आरिगातो' म्हटलं, कारण मला तेवढंच येतं असं ठरलं होतं. त्या एका शब्दाला मला जेवढं बळ लागलं तेवढं प्रेसला कधी लागलं नाही.

पटेलांना नाही म्हटलं ते हातामुळे. आता सुलभाला सांगितलंय. तिने डॉक्टरची वेळ घेतली. बॅग टेक्साससाठी नव्हती. ऑगस्टच्या शेवटी आम्ही पुण्याला परत जातोय, मी ते मनाशी ठरवलं तेव्हाच ती भरून ठेवली होती. काकूला ते सांगायचं राहिलं होतं, म्हणून तिचा तो समज झाला. पेटी मात्र तुझ्या पत्रासाठीच उघडत होतो.

राग अजून आहे. गेला की कळवेन, खोटं सांगणार नाही. एक काम कर. तो कागद आता कुरोदाला दे, आणि देताना सांग की म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. ते काय म्हणतात ते मला लिही. या वेळी लोणी लावू नकोस.

तुझा,
काका


फ्रिस्को
२५ जुलै

काका,

तुमचं पत्र मी पार्किंग लॉटमध्ये वाचलं. आत जायला वेळ लागला.

आज लंचच्या आधी कागद दिला. भाषांतर शब्दाला शब्द केलं. महिनाभर येऊन बसेन, मला काही द्यायला नको, तेही. मग तुम्ही सांगितलंत ते सांगितलं. आता पुढचं जसं झालं तसं लिहिते.

कुरोदा-सान खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "म्हणजे तो जिजी इतकी वर्षं सगळं ऐकत होता?" मी म्हटलं, "हो." मिझुनो हसला. कुरोदा-सान हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. आठवण येते वगैरे काही म्हणाले नाहीत. प्रेसबद्दलही नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "मग आम्ही सहा वर्षं दुभाषी कशासाठी ठेवली होती?"

मी दारात उभी होते.  घरी येईपर्यंत गाडीत त्यांचं ते वाक्य मराठीत करत होते, शब्दाला शब्द, तुम्हाला लिहायला. तुमच्या सीटवरची लंचबॅग काढून मागे ठेवली.

शुभा